जायचं रद्द झालं तर फुटबॉलचं तिकीट कसं आणि कुणाला द्यायचं

फोंड्याच्या कदंब बसस्टँडपासून चार-पाच मिनिटांवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, पॅन, लाइट बिल, नोकरीचे ऑनलाइन अर्ज हे रोजचं काम. मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असला की त्या आठवड्यात मात्र पाच-सहाजण मोबाइल पुढे धरून एकच गोष्ट विचारतात, "भाऊ, तिकीट काढून ठेवलंय, आता जायला जमत नाही. पैसे परत मिळतील?" कुणाच्या घरी सुतक आलेलं असतं, कुणाची कारखान्यातली पाळी बदललेली असते, कुणाच्या मुलाला ताप असतो.

पैसे सहसा परत मिळत नाहीत. तिकीट वाया जाऊ न देणं मात्र आपल्या हातात असतं, आणि ज्याला देतो त्याची गेटवर फजिती होऊ न देणंही. मी स्वतः मोसमाचं तिकीट काढतो, पूर्वेकडच्या खालच्या स्टँडात बसतो. दरवर्षी दोन-तीन सामने चुकतातच. त्यामुळे हे सगळं मी आधी स्वतःच्या तिकिटावर शिकलो आणि मग गिऱ्हाइकांना सांगायला लागलो.

आधी तिकीट कुठल्या जातीचं आहे ते बघा

तिकीट द्यायचं ठरवलं की लोक पहिल्यांदा किंमत ठरवायला बसतात. ते मागाहून. आधी ज्या ॲपवरून तिकीट घेतलं तिथल्या अटी उघडा आणि तीन गोष्टी शोधा. तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येतं का? त्यासाठी काही मुदत आहे का? पुनर्विक्रीबद्दल काय लिहिलंय? अटी लांबलचक असतात, पण मोबाइलवरही शब्द शोधायची सोय असते. 'ट्रान्सफर' आणि 'रीसेल' हे दोन शब्द शोधले तरी पाच मिनिटांत उलगडा होतो.

मग क्यूआर बघा. काही तिकिटांवर तो कायमचा छापलेला असतो, पीडीएफ काढली की झालं. काहींचा क्यूआर सामन्याच्या दिवशीच दिसायला लागतो, काहींचा दर काही सेकंदांनी बदलत राहतो. परदेशातल्या मोठ्या मैदानांवर तर आता फोनच गेटच्या यंत्राला टेकवावा लागतो. जर्मनीत २०२४ ची युरो स्पर्धा झाली तेव्हा युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, तिकिटं ॲपमध्येच होती आणि मैदानाजवळ पोचल्यावरच ती चालू व्हायची. अशा तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याला पाठवला तर गेटवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

कायमचा छापलेला क्यूआर मात्र घातक. त्याची नक्कल कुणीही करू शकतो आणि यंत्र फक्त पहिल्याला आत सोडतं. हे मला कसं कळलं ते सांगतो.

२०२३ च्या जानेवारीत आपल्या एफसी गोवाचा केरळ ब्लास्टर्सविरुद्ध सामना होता. माझ्याकडे दोन तिकिटं होती आणि त्याच संध्याकाळी कवळ्याला जवळच्या नात्यात लग्न निघालं. मी फुटबॉलच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर 'दोन तिकिटं आहेत, छापील दरात देतो' असं लिहिलं आणि खात्री पटावी म्हणून तिकिटांचा फोटोही टाकला. क्यूआर स्पष्ट दिसत होता. साखळीच्या एका गृहस्थांनी लगेच पैसे पाठवले, मी त्यांना पीडीएफ पाठवली. माझ्या दृष्टीने व्यवहार संपला होता.

मंगलाष्टकं झाली, पंगत बसली आणि फोन वाजला. मागे मैदानाचा गोंगाट. "भाऊ, म्हाका गेटार आडायला. तिकीट पयलींच स्कॅन जालां म्हणटात." ग्रुपमधला तो फोटो कुणीतरी उचलला होता आणि त्यांच्या आधी दोघं आत जाऊन बसले होते. त्यांच्याबरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिने केशरी जर्सी घातलेली, गालावर रंग काढलेला, हे त्यांनी मला रागाने सांगितलं नाही, हळू आवाजात सांगितलं. मी पानावरून उठलो, बाहेर येऊन पैसे परत केले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. तो सामना आपण ३-१ असा जिंकलो. साखळीहून फातोर्ड्यापर्यंत आलेल्या त्या मुलीने तो गेटबाहेरून ऐकला.

त्या दिवसापासून क्यूआर, बारकोड आणि बुकिंग क्रमांक असलेला फोटो मी कुणालाही पाठवत नाही, ओळखीच्या ग्रुपवरसुद्धा नाही. खात्री पटवायला स्टँड, ओळ आणि आसन क्रमांक दिसेल एवढाच भाग कापून पाठवायचा. त्यातही आसन क्रमांक शेवटी, बोलणं पक्कं झाल्यावर.

क्लबचं एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय

अधिकृत तिकीट एक्स्चेंज म्हणजे क्लबनेच चालवलेली तिकीट पुनर्विक्रीची सोय. तिची खरी किंमत मला त्या फोननंतर कळली. तिथे तुमचं तिकीट दुसऱ्याने विकत घेतलं की तुमचा जुना बारकोड बाद होतो आणि त्याच्या नावाने नवा तयार होतो. एका आसनावर एका वेळी एकच जिवंत बारकोड असल्यामुळे साखळीच्या त्या गृहस्थांवर आली तशी वेळ येऊच शकत नाही.

इंग्लंडमध्ये ही पद्धत चांगली रुळली आहे. माझा एक मित्र लंडनला असतो. शाळेत माझ्या बाकावर होता, आता तिकडच्या एका मोठ्या क्लबचं मोसमाचं तिकीट ठेवतो. चतुर्थीला तो गावी येतो तेव्हा तिकडचा मोसम नुकता सुरू झालेला असतो, म्हणजे एखादा तरी घरचा सामना हुकतोच. ॲपमध्ये जाऊन तो सामना निवडतो आणि तिकीट एक्स्चेंजवर सोडतो. किंमत त्याला ठरवायची नसते. प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ घरच्या मैदानावर १९ सामने खेळतो, म्हणून बऱ्याच क्लबांत वर्षाच्या तिकिटाचा एकोणिसावा हिस्सा त्याच्या नावावर जमा होतो, क्लबने शुल्क ठेवलं असेल तर ते वजा करून. आणि तिकीट विकलं गेलं तरच. काही ठिकाणी ही रक्कम बँकेत न येता पुढच्या वर्षीच्या तिकिटातून वळती होते. एक्स्चेंज वापरण्याआधी एवढं बघून घ्या, नाहीतर पैसे कुठे गेले म्हणून शोधत बसाल.

तिकडे हे कडक असण्यामागे कारण आहे. १९९४ च्या एका कायद्यातल्या १६६ व्या कलमाने इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा गुन्हा ठरवला आहे. त्यामागचा मुख्य विचार सुरक्षेचा होता. दोन संघांचे समर्थक वेगवेगळ्या स्टँडांत बसावेत आणि कोण कुठे बसलंय हे क्लबला माहीत असावं, असा. म्हणून तिथे छापील दरात का होईना, फेसबुकवर अनोळखी माणसाला तिकीट विकलं तरी तुम्ही अडचणीत येऊ शकता. नाटक, संगीत आणि खेळांची तिकिटं मूळ दरापेक्षा चढ्या भावाने पुन्हा विकण्यावर बंदी आणण्याचा इरादा ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. फुटबॉलचा हा नियम त्याच्या कितीतरी आधीचा.

गोव्यातून तिकडे शिकायला, कामाला गेलेले आणि हौसेने तिकीट काढणारे पुष्कळ आहेत, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. क्लबचं सदस्यत्व तुमच्या नावावर असतं. तुमच्या आसनावर बसलेल्या माणसाने दंगा केला तर पहिलं पत्र तुम्हाला येतं, आणि तिकीट बाहेर विकल्याचं उघड झालं तर सदस्यत्वही जाऊ शकतं.

विश्वचषकाचा हिशोब

सगळीच अधिकृत एक्स्चेंज सारखी नसतात. युएफाने युरो २०२४ साठी जी पुनर्विक्रीची सोय केली होती तिथे तिकीट मूळ दरानेच विकता यायचं. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने वेगळी वाट धरली. अमेरिकेतल्या सामन्यांची तिकिटं विकताना किंमत विकणाऱ्याने ठरवायची आणि फिफा दोन्ही बाजूंनी १५-१५ टक्के घेणार.

हा हिशोब मी दुकानात कागदावर करून दाखवतो, कारण ऐकून तो लक्षात येत नाही. तुम्ही १०० डॉलरला घेतलेलं तिकीट १०० लाच लावलंत तर घेणाऱ्याला ते ११५ ला पडतं आणि तुमच्या हाती ८५ येतात. मधले ३० फिफाचे. तुमचे १०० पुरते परत हवे असतील तर ते ११८ ला लावावं लागतं, आणि मग घेणारा जवळजवळ १३६ डॉलर मोजतो. तुम्ही एक पैसा नफा न घेताही पुढच्याला तिकीट तिसऱ्या हिश्शाहून जास्त महाग पडलं. डॉलरचे रुपये होताना बँक जे कापते ते वेगळंच.

मला हे पटत नाही. ज्याला जायला जमत नाही आणि ज्याला जायचंच आहे, अशा दोघांची गाठ घालून देण्यासाठी ३० टक्के फार होतात. तरीही पैसे त्यात अडकलेले असतील तर विक्री तिथेच करा, कारण बारकोड बदलून देण्याची खात्री तिथेच आहे. लावण्याआधी 'तुमच्या हाती किती येणार' हा आकडा पडद्यावर दिसतो, तो वाचा आणि मगच पुढे जा. पैसे कुठल्या खात्यात आणि कधी येणार, तेही त्याच वेळी वाचून ठेवा. पुष्कळ ठिकाणी सामना होऊन गेल्याशिवाय विकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, आणि तिकीट लावलं म्हणजे ते विकलं गेलंच असंही नाही.

क्लबशी किंवा संघटनेशी संबंध नसलेल्या पुनर्विक्रीच्या खुल्या संकेतस्थळांपासून मी लोकांना लांबच ठेवतो. तिथे भाव कुठपर्यंत चढतो ते सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची २,५०० ते ३५,००० रुपयांची तिकिटं बाहेर लाखाच्या भाषेत मागितली जात होती. फुटबॉलमध्ये त्यात आणखी एक धोका. आयोजकाला पत्ता लागला तर तो तिकीट रद्द करू शकतो. पैसे गेलेले असतात घेणाऱ्याचे आणि नाव असतं तुमचं.

आपल्या फातोर्ड्यासाठी

आपल्याकडे इंग्लंडसारखी, क्लबने चालवलेली आणि बारकोड बदलून देणारी एक्स्चेंजची रीत अजून रुजलेली नाही. म्हणून इथे मी तीन वाटा सांगतो आणि त्या याच क्रमाने वापरायच्या.

ॲपमध्ये ट्रान्सफरची सोय असेल तर तीच. समोरच्याचा मोबाइल क्रमांक घालायचा, त्याच्या ॲपमध्ये तिकीट दिसलं असं त्याच्या तोंडून ऐकायचं, आणि आपल्या ॲपमधून ते गेलंय हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. क्रमांक मी नेहमी वाचून दाखवायला सांगतो आणि उलट वाचून दाखवतो. एक आकडा चुकला की तिकीट तिसऱ्याच्याच फोनवर जातं आणि ते परत आणणं फार कठीण.

ट्रान्सफर नसेल पण तुमच्याकडे एकाहून जास्त तिकिटं असतील आणि तुम्ही स्वतः जाणार असाल, तर पाहुण्याला बरोबर घेऊन जा. तिकिटं तुमच्या फोनवरच राहतात, गेटवर एकामागून एक स्कॅन होतात, सगळे एकदम आत. माझ्या मते गोव्यात सगळ्यात सुरक्षित वाट हीच. इथे अंतरं ती किती! फोंड्याहून बोरीच्या पुलावरून मडगाव म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. गाडीत जागा असतेच.

दोन्ही जमत नसेल आणि क्यूआर कायमचा छापील असेल, तर फक्त घरच्या किंवा खात्रीच्या माणसाला द्या. तो क्यूआर आणखी कुणाच्या डोळ्यांपुढे गेला नसेल तरच. अटींमध्ये पुनर्विक्रीला मनाई लिहिलेली असेल तर अनोळखी माणसाला विकण्याच्या भानगडीत पडू नका.

किमतीबद्दल माझा नियम साधा आहे. जेवढे मोजले तेवढेच घ्यायचे, ॲपने वर लावलेलं शुल्क धरून. त्यावर एक रुपया नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून बाबांच्या स्कूटरवर मागे बसून फातोर्ड्याला गेलोय. खिडकीवर रांग लावायची, कागदी तिकीट हातात घट्ट धरायचं. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स अशी नावं तेव्हा घरातल्या माणसांसारखी तोंडात असायची. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा मोसम आय-लीगचा, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचा, चषक याच तीन क्लबांकडे राहिला, गोव्याबाहेर गेलाच नाही. ते प्रेक्षक कष्टकरी होते. खाण, बंदर, शेत, बाजार. त्यांच्या मुलांना आज दुप्पट पैसे मोजल्याशिवाय आत जाता येत नसेल तर ते मला बघवणार नाही. २०१५ च्या डिसेंबरात आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना फातोर्ड्याला झाला. नव्वदाव्या मिनिटाच्या उंबरठ्यावर आपण २-१ ने पुढे होतो आणि ३-२ असे हरलो. ती संध्याकाळ ज्यांनी मैदानात बसून पाहिली ते अजून त्याबद्दल बोलताना थांबतात. तिथे बसण्याचा हक्क नफ्याच्या भावात विकावा असं मला वाटत नाही.

पाडव्याच्या दिवशीची दोन तिकिटं

ज्यांना भाव चढण्याची वाट बघायची असते त्यांना मी २२ ऑक्टोबर २०२५ ची आठवण करून देतो. एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या सोडतीत ऑगस्टमध्ये एफसी गोवाच्या गटात सौदी अरेबियाचा अल नासर आला, आणि रोनाल्डो फातोर्ड्याला येणार या कल्पनेने सगळा गोवा हलला. मीही चार तिकिटं काढली. मी, माझा मेहुणा आणि पुण्याहून दिवाळीला येणारे दोन भाचे.

ओळखीच्या एका ग्रुपवर एकाने आपली तिकिटं तिप्पट किमतीला लावली होती. विचारणारेही होते. तो थांबला, आणखी चढेल म्हणून. दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळून झाले, आणि त्याच दिवसांत बातमी आली की अल नासरच्या विमानात रोनाल्डो नाही. त्यानंतर त्याच ग्रुपवरचे निरोप मी वाचत होतो. तिपटीचे दुप्पट झाले, दुपटीची मूळ किंमत झाली. सामन्याच्या सकाळी 'निम्म्यात घ्या' आणि दुपारी 'कुणी येणार असेल तर सांगा'. ती तिकिटं शेवटी तशीच राहिली.

माझे भाचेही रोनाल्डोसाठीच येणार होते. त्यांनी सांगितलं, मामा, आम्ही आजीकडे गोरवांच्या पाडव्याला थांबतो. गोठ्यातल्या गाईंना हार घालायचे, पोळे खायला घालायचे, त्यांना पुण्यात हे बघायला मिळत नाही. मी त्यांच्यावर नाराज झालो नाही. ही बातमी येण्याच्या चार दिवस आधी दुकानात आलेला एक मुलगा तिकीट मिळालं नाही म्हणून हळहळत होता. कुर्टीला गॅरेजमध्ये काम करतो. त्याला फोन केला. पहिलं वाक्य हेच, "रोनाल्डो येत नाही, हे ऐकलंस ना?" हे सांगितल्याशिवाय पैशाचं बोलायचं नाही, असं मी मनाशी ठरवूनच क्रमांक फिरवला होता. तो म्हणाला, "भाऊ, हांव गोव्याक पळोवपाक येतां." म्हणजे तो आपल्या गोव्याच्या संघाला बघायला येणार होता. तो आणि त्याचा धाकटा भाऊ आमच्याच गाडीतून आले. ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला तेव्हा धाकटा खुर्चीवर उभा राहिला आणि मोठ्याने त्याला कमरेला धरून ठेवलं. आपण २-१ ने हरलो. परतताना बोरीच्या पुलापर्यंत दोघंही त्या गोलाबद्दलच बोलत होते.

तेव्हा जमणार नाही असं वाटलं की त्याच दिवशी कळवा. चार-पाच दिवस हाती असले की मूळ किमतीला घेणारा हमखास मिळतो. आणि तिकिटाबद्दल जे माहीत आहे ते सगळं सांगा. खांब आड येतो का, ऊन तोंडावर येतं का, सामन्याची वेळ बदलली आहे का. शेजारी शेजारी दोन आसनं असतील तर जोडीनेच द्या. एक गेलं की उरलेलं सुटं कुणी घेत नाही.

मी ग्रुपवर टाकतो तो निरोप असा असतो:

'रविवारच्या सामन्याची दोन तिकिटं आहेत. पूर्वेचा खालचा स्टँड, शेजारची आसनं. जायला जमत नाही म्हणून देतोय. जेवढ्याला घेतली तेवढ्यालाच. ॲपमधून तुमच्या क्रमांकावर पाठवीन, फोटो किंवा पीडीएफ देणार नाही. दोन्ही एकत्र घेणाऱ्याने फोन करा, ग्रुपवर क्रमांक लिहू नका.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ग्रुपवर मोबाइल क्रमांक लिहिला की दुसऱ्या दिवसापासून नको त्या लोकांचे फोन सुरू होतात.

पैसे घेताना

माझ्या दुकानात साउंडबॉक्स आहे. पेटी बोलली म्हणजे पैसे आले. तुमच्याकडे पेटी नसेल तर बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. समोरच्याने पाठवलेला 'पेमेंट सक्सेसफुल'चा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तो कुणालाही बनवता येतो. एसएमएसवरही विसंबू नका.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. कुणी म्हणालं, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील, तर फोन ठेवून द्या. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशाची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. म्हणून 'तुम्हाला रिक्वेस्ट पाठवली आहे, ती मंजूर करा' असं सांगणारा माणूस सरळ नाही असंच धरून चाला. 'चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा' हाही जुनाच डाव आहे. आपल्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय एक रुपया परत करायचा नाही.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाला कुणीतरी तिकीट विकायची एक लिंक पाठवली होती. क्लबचं बोधचिन्ह, रंग, सगळं हुबेहूब. वर पत्ता मात्र भलताच. त्याने कार्डाचा क्रमांक घातला, ओटीपीही सांगितला. तो धावत दुकानात आला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावला आणि बँकेला सांगून कार्ड बंद केलं. अशा वेळी आधी १९३०, मग सरकारच्या सायबर क्राइमच्या संकेतस्थळावर तक्रार, मग पोलीस चौकी. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम मधेच रोखली जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून घरात गप्प बसू नका. तो मुलगा आईला कसं सांगू म्हणून आधी बसस्टँडवर फिरत राहिला होता. त्या वीस मिनिटांतली पंधरा तिथेच गेली.

ओळखीच्यांशी व्यवहार असेल तर मी फोन चालू ठेवूनच सगळं करतो. त्याने पैसे पाठवायचे, पेटी बोलली की मी लगेच ट्रान्सफर करायचं, त्याने 'दिसलं' म्हणायचं, मग फोन ठेवायचा. दोन मिनिटांचं काम, आणि कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

घेणारा मिळालाच नाही तर

सामन्याच्या दुपारपर्यंत कुणी विचारलं नाही तर मी पैशाचा विचार सोडतो. आमच्या वाड्यावर संध्याकाळी भाताच्या मोकळ्या मळीत खेळणारी पोरं आहेत. कुणाच्या तरी बाबांना मडगावला जाणं जमत असतं, त्यांना फुकट देतो. फुकट दिलं तरी पद्धत तीच. क्रमांक दोनदा वाचून ट्रान्सफर, आणि ते मुदतीच्या आत, कारण काही ॲपमध्ये सामना सुरू होण्याच्या काही तास आधी ही सोय बंद होते. दोन तिकिटं असतील तर एक मोठ्या माणसाचं हवंच, लहान मुलांना एकटं पाठवायचं नाही.

निघण्याआधी त्यांना गेट क्रमांक सांगा. फोन पूर्ण चार्ज करून न्यायला सांगा. ॲप घरूनच उघडून ठेवायला सांगा, कारण गेटजवळ गर्दीत नेट मंदावतं. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, हेही सांगा, म्हणजे मुलांना आधीच पाणी पाजून नेतील.